जे बोललीस तेच कागदावर उतरतं

वाचकाचं पत्र

ताई,

मी जांबोटी भागातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, नंतर बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) आणि तिथंच इंजिनिअरिंग. 2024 ला कॉम्प्युटर सायन्समधून पास झाले. गेले चौदा महिने बेळगावातल्या एका लहान कंपनीत टेस्टिंग करते. कंपनी दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवते. काम येतं, तरी बेंगळूरच्या तीन कंपन्यांत शेवटच्या राऊंडपर्यंत जाऊन परत आले. एकीनं कळवलं, ‘कल्चर फिट नाही’. दुसरीनं सांगितलं, ‘टेक्निकली गुड, कम्युनिकेशन वीक’. तिसरीनं काहीच कळवलं नाही.

प्रश्न विचारला की मी डोक्यात उत्तर पूर्ण तयार करते आणि मगच बोलते. तोवर समोरचे अस्वस्थ होतात. एकांनी हसत विचारलं, ‘बेळगाव म्हणजे तुम्ही मराठी की कन्नड?’ मला काय बोलावं सुचेना. इंग्रजीची भीती वाटते ती वेगळीच. तीन आठवड्यांनी चौथी मुलाखत आहे, पहिला राऊंड व्हिडिओवर, दुसरा बेंगळूरला. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. ते म्हणतात, जे विचारतील त्याला हो म्हण, जे देतील ते घे. आत्ताच्या कंपनीत दोन वर्षांचा बाँड आहे आणि माझी ओरिजिनल मार्क्स कार्डं त्यांच्याकडे आहेत. मी चुकते कुठं?

– स., खानापूर तालुका

उत्तर

प्रिय स.,

छापलेल्या पत्रात जागेअभावी एक भाग गाळला आहे. तू तो जाता जाता लिहिला होतास, पण मी सुरुवात तिथूनच करणार आहे. दूध संस्थेच्या बिलाचं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी गावोगावी जाणार होतं आणि आदल्या संध्याकाळी तू ते अडवलंस. काकांच्या डेअरीतल्या खऱ्या पावत्या मागून आणल्यास, 1 ते 10 तारखेचं दहा दिवसांचं बिल काढून पाहिलंस आणि 3 एप्रिलचं दूध 4 मार्चला जमा होताना दिसलं. सिस्टीम महिना आधी आणि दिवस नंतर वाचत होती. बारा तारखेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही आकडे महिना म्हणून चालून जातात. तेराव्या तारखेपासून महिना तेरावा असू शकत नाही, म्हणून सिस्टीम गुपचूप बरोबर वाचते. आधीच्या टेस्टमध्ये सगळ्यांनी 15 आणि 20 तारखा टाकल्या होत्या, म्हणून सगळं हिरवं दिसत होतं.

हे तू पत्रात मला लिहिलंस. मुलाखतीत काय सांगितलंस, तेही लिहिलं आहेस: ‘आम्ही अ‍ॅप्लिकेशन टेस्ट केलं आणि बग्ज सॉल्व्ह झाले.’

स., तू चुकतेस ती इथं.

आपल्या भाषेत ‘मी केलं’ म्हणायला जीभ अडते. घरी आपण म्हणतो ‘झालं’, ‘करून टाकलं’, ‘आमच्याकडून होऊन गेलं’. मोठ्यांच्या समोर स्वतःचं सांगणं म्हणजे मिरवणं, असंच आपण ऐकत वाढलो. त्या वळणात खूप चांगुलपणा आहे आणि ते टाकून दे असं मी कधी म्हणणार नाही. पण मुलाखतीच्या खोलीत ‘आम्ही’ ऐकलं की समोरच्याला कळतच नाही, की पावत्या आणायचं तुला सुचलं, की दुसऱ्या कुणी सांगितलं आणि तू आणून दिल्यास.

आता खोलीच्या पलीकडे काय चालतं ते सांगते, कारण हे आपल्याकडच्या मुलांना कॉलेजात कुणी सांगत नाही. मोठ्या टेक कंपन्यांत तुझ्याशी बोलणारा माणूस बहुतेक वेळा एकटा निर्णय घेत नाही. गूगलमध्ये मुलाखत घेणाऱ्यांच्या नोंदी आणि गुण एका समितीपुढे जातात आणि त्या समितीतल्या माणसांनी तुला पाहिलेलंही नसतं. अ‍ॅमेझॉनमध्ये पॅनेलवर ‘बार रेझर’ म्हणून एक जण असतो. तो त्या टीमचा नसतो, टीमला घाई आहे म्हणून कमी दर्जाचा माणूस घेतला जाऊ नये हे पाहणं त्याचं काम. लहान कंपन्यांनीही ही पद्धत कमीअधिक उचलली आहे. प्रत्येकाला तेच प्रश्न, ठरलेल्या निकषांवर गुण आणि सोबत लेखी नोंद. मी स्वतः वर्षानुवर्षं अशा नोंदी लिहिल्या आहेत. लॅपटॉपच्या एका बाजूला उमेदवार, दुसऱ्या बाजूला उघडा फॉर्म. उमेदवार गप्प असला की फॉर्मही कोरा राहतो. त्याच्या डोक्यात काय उत्तम चाललं आहे हे मी अंदाजानं लिहू शकत नाही, लिहूही नये.

म्हणजे तू डोक्यात पूर्ण उत्तर तयार करतेस ती पाच मिनिटं कागदावर येतात ती फक्त ‘बराच वेळ शांत होती’ एवढीच.

हे मला माझ्या पहिल्या मुलाखतीत कळलं नाही. 1999 साल, विश्वेश्वरय्या विद्यापीठ नुकतंच बेळगावात आलेलं, माझी डिग्री मात्र अजून धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची. बेंगळूरच्या एका कंपनीत फळ्यासमोर उभं केलं आणि एक कोडं दिलं. मी पाठ वळवली, फळ्याकडे बघत राहिले, डोक्यात सगळं सोडवलं आणि शेवटी सहा ओळी लिहिल्या. उत्तर बरोबर होतं. नोकरी मिळाली नाही. पुढं दुसरीकडे कामाला लागल्यावर एका वरिष्ठ बाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तू रोज अशी पाठ वळवून काम करणार असशील तर तुझ्या शेजारी बसायचं कुणी?’ त्या रागावून बोलल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं. तुझ्याबरोबर तासभर काम करून पाहणं, मुलाखत म्हणजे एवढंच असतं.

बोलत बोलत सोडवणं कसं असतं, ते एका सोप्या प्रश्नावर दाखवते. समज त्यांनी विचारलं, ‘तिकिटांच्या नंबरांची यादी आहे, त्यातला पहिला पुन्हा आलेला नंबर शोध.’ तू लगेच कोड लिहायला घेऊ नकोस आणि गप्पही बसू नकोस. यादीचं उदाहरण कागदावर मांड: 7, 4, 9, 4, 7. आता मोठ्यानं विचार, ‘पहिला पुन्हा आलेला म्हणजे नेमका कोणता? दुसऱ्यांदा सगळ्यात आधी दिसतो तो 4, की यादीत ज्याची सुरुवात आधी आहे तो 7?’ प्रश्नात ही फट बहुतेक वेळा मुद्दाम ठेवलेली असते आणि ती बघणं तर तुझं रोजचं काम आहे, तू टेस्टर आहेस. पुढं सांग, ‘साधा मार्ग म्हणजे प्रत्येक नंबर बाकीच्या सगळ्यांशी ताडून बघायचा. यादी दहा लाखांची असेल तर सुमारे 50 हजार कोटी तुलना होतील, ते परवडणार नाही. त्याऐवजी पाहिलेले नंबर एका सेटमध्ये टाकत गेले, तर यादीवरून एकदाच जावं लागेल, मेमरी मात्र जास्त लागेल.’ मग विचार, ‘मेमरीची काही मर्यादा आहे का?’ एवढं बोललीस की कोडची पहिली ओळ लिहायच्या आधीच फॉर्मचा अर्धा भाग भरलेला असतो. शेवटी रिकामी यादी दिली तर काय, एकही नंबर पुन्हा आला नाही तर काय, हे त्यांनी विचारायच्या आधी तूच सांग. विचार करायला वेळ हवा असेल तर तोही मोठ्यानं माग: ‘गिव्ह मी अ मिनिट, आय विल थिंक अलाउड.’ मागून घेतलेल्या मिनिटाला कुणी नावं ठेवत नाही.

काही वर्षांपूर्वी विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील, असले प्रश्न विचारायची टूम होती. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी 2013 मध्ये जाहीरपणे सांगितलं, की अशा कोड्यांवरून पुढं माणूस काम कसा करील हे काहीच कळत नाही. तरी अजून कुणीतरी विचारतं. विचारलंच तर त्यातही उत्तराच्या मागे न लागता मोठ्यानं हिशोब मांडत जा.

कामातले अनुभव विचारण्याचा वेगळा राऊंड असतो. ‘एखादा प्रसंग सांगा जेव्हा तुम्ही…’ अशी त्याची सुरुवात होते. अ‍ॅमेझॉनची तर सोळा लेखी तत्त्वं आहेत, 2021 पर्यंत ती चौदा होती. प्रश्न त्यांवरच बेतलेले असतात. सांगायची रीत सोपी आहे. परिस्थिती काय होती, तुझ्यावर काय जबाबदारी होती, तू काय केलंस, काय झालं. दूध संस्थेची गोष्ट यात अशी बसेल: ‘रिलीजला एक रात्र उरली होती. सगळ्या टेस्ट पास होत्या. मला शंका आली, कारण टेस्टमधल्या सगळ्या तारखा बारा तारखेनंतरच्या होत्या. मी काकांच्या डेअरीतून दहा दिवसांच्या पावत्या आणल्या, बिल काढलं, रकमा चुकीच्या महिन्यात गेल्या. मी मॅनेजरना पुरावा दाखवला आणि रिलीज थांबवायला सांगितलं. दुरुस्तीनंतर मी 1 ते 31 प्रत्येक तारखेची टेस्ट लिहिली.’ ‘मी’ किती वेळा आलं मोज. तीन वेळा. त्यात मिरवणं कुठं आहे? जे घडलं तेच आहे. ‘आम्ही’ जिथं खरंच आम्ही असेल तिथं जरूर म्हण. दुरुस्ती डेव्हलपरनी केली असेल तर त्याचं श्रेय त्याला दे, समोरचे तेही टिपतात.

अशा चार गोष्टी तयार ठेव. एक चूक सापडल्याची, एक तुझ्या हातून झालेल्या चुकीची, एक कुणाशी मतभेद झाल्याची, एक काहीतरी नव्यानं शिकल्याची. चुकीची गोष्ट खरी सांग. ‘माझा दोष म्हणजे मी फार मेहनत करते’ हे उत्तर ऐकून आम्ही फॉर्मवर काहीच लिहीत नाही.

इंग्रजीचं. तुझं पत्र मराठीत इतकं स्वच्छ आहे, की विचार नीट मांडणं तुला येतं याबद्दल मला शंका नाही. मग अडतं कुठं, तर मराठीत मांडून झालेला विचार शब्दाशब्दानं इंग्रजीत न्यायचा आणि त्यात व्याकरण सांभाळायचं, इथं. पुढचे तीन आठवडे रोज संध्याकाळी एक काम कर. दिवसभरातला एक बग आधी मराठीतून आईला समजावून सांग. आईला समजला तर तुझा विचार सरळ आहे. मग तोच मोबाईलवर इंग्रजीत रेकॉर्ड कर, लहान वाक्यांत, एका वाक्यात एकच गोष्ट. दुसऱ्या दिवशी ऐक. उच्चारांकडे बघू नकोस. बेंगळूरच्या ऑफिसात तमिळ, तेलुगू, बंगाली, हिंदी अशा सगळ्या वळणांची इंग्रजी चालते, आपलीही चालते. प्रश्न कळला नाही तर मात्र ‘येस सर, येस सर’ म्हणत मान हलवू नकोस. ही सवय आपल्या मुलांचं इंग्रजीपेक्षा जास्त नुकसान करते. ‘सॉरी, आय डिड नॉट गेट दॅट’ म्हण आणि पुन्हा विचार. आणि ‘सर’ दर वाक्याला नको. तिथं पन्नाशीच्या माणसालाही नावानं हाक मारतात. आरंभी तोंडातून नाव निघत नाही, मलाही महिना लागला होता. इंग्रजीत अहो-जाहोचा प्रश्न येत नाही, नाव घेतलं म्हणजे मान कमी होत नाही.

आता तो प्रश्न. ‘मराठी की कन्नड?’

आपल्या घरात 1 नोव्हेंबर म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. 1956 ला राज्यं झाली आणि बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं तेव्हापासूनचं दुखणं आहे, 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे सगळं तुझ्या-माझ्या अंगात आहे. विचारणाऱ्याच्या अंगात ते नाही, त्याच्यासाठी बेळगाव हे बहुधा हायवेवरचं एक शहर आहे. म्हणून आधी धरून चाल, की तो कुतूहलानं विचारतो आहे. सरळ सांग: ‘घरी मराठी बोलतो, शाळेत कन्नडही शिकले, बोलता येतं.’ आणि खरंच बोलून दाखव. ‘हौद्री, कन्नड बरतैतिरी’ (हो जी, कन्नड येतं) असं आपल्या धारवाडी वळणानं म्हणालीस तर बेंगळूरचा माणूस हसेल, पण ते हसू आपुलकीचं असतं. बाजारात भाजी घेताना, बसमध्ये कंडक्टरशी तू जे कन्नड बोलतेस तेच बोल. मराठी लपवू नकोस आणि सीमाप्रश्नावर तिथं वादही घालू नकोस. दोन्हींची तिथं गरज नाही. मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत ग्राहकाचा फोन घेऊ शकणारी टेस्टर कुठल्याही टीमला हवी असते, हे बायोडेटात एका ओळीत लिही.

त्यातच एक बारीक गोष्ट. फॉर्मवर आणि बायोडेटावर ‘बेळगावी’ असं लिही, तोंडी बेळगावच म्हण. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव तेच आहे आणि पत्त्याची पडताळणी करणारे अक्षर न् अक्षर जुळवून बघतात. एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं मार्क्स कार्ड, ज्यावर कन्नडचे मार्क आहेत, तेही जपून ठेव. जुलै 2024 मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक कर्नाटक मंत्रिमंडळानं मंजूर केलं आणि उद्योगांच्या विरोधानंतर लगेच बाजूला ठेवलं. त्यात दहावीला कन्नड होतं की नाही ही अट होती. पुन्हा कधी असं काही आलं तर तो कागद तुझ्या उपयोगाचा.

‘मराठी की कन्नड?’ हा प्रश्न कुतूहलाचा नसून डिवचण्याचा आहे असं वाटलं, किंवा लग्न कधी करणार असं विचारलं, तर शांतपणे म्हण, ‘याचा कामाशी संबंध कसा आहे ते सांगाल का?’ तरीही पुढं रेटलं तर ती कंपनी तुला आपली ओळख करून देते आहे. ‘कल्चर फिट’ हा शब्द पुष्कळदा खरंच कामाच्या पद्धतीबद्दल असतो. पण ‘हा आपल्यातला वाटत नाही’ एवढंच म्हणायचं असतं तेव्हाही तोच वापरतात. एका पॅनेलवर मी एका मुलीच्या नोंदीत हे दोन शब्द वाचले आणि लिहिणाऱ्याला विचारलं, की नेमकं काय जुळलं नाही. त्याला सांगता आलं नाही. तुला ‘कल्चर फिट नाही’ म्हणणाऱ्या कंपनीत काय घडलं हे मी इथून सांगू शकत नाही, पण तो दोष सगळा तुझाच असं धरून बसू नकोस.

आणि संस्कृती त्यांनीच तुझी तपासायची असं नाही, तूही त्यांची तपास. इथं मी तुझ्या बाबांपेक्षा वेगळं सांगणार आहे, ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. माझे वडील वडगावात मागावर होते. ताण्यातला धागा तुटला की माग थांबवावा लागतो, थांबला की साडीला उशीर, उशीर झाला की शेठ बोलणार. एकदा माग बघायला बसलेल्या पोरानं तुटलेला धागा दिसूनही सांगितला नाही, भीतीनं. साडी अडीच हात विणून झाली तेव्हा कळलं. उभी रेघ पडलेली, सगळ्या लांबीभर. वडिलांनी ती रेघ बोटानं मला दाखवली आणि म्हणाले, ‘धागा तुटणारच. हा गप्प का बसला ते बघायला पाहिजे.’ त्या पोराला त्यांनी काही बोललं नाही. त्यानंतर तो पोर धागा तुटला की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना असंच काही दिसलं. चांगल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदवलेल्या होत्या. चुका जास्त होत नव्हत्या, तिथली माणसं त्या सांगायला भीत नव्हती. गूगलनं 2012 पासून आपल्या टीम तपासल्या तेव्हाही चांगल्या टीमची सगळ्यात महत्त्वाची खूण हीच निघाली, की तिथं चूक बोलून दाखवता येते, वेडा वाटणारा प्रश्न विचारता येतो. तू रिलीज अडवणारी मुलगी आहेस. जिथं अडवणारीलाच सुनावतात तिथं तू वर्षभरात गप्प होशील आणि तुझं मोलच जाईल.

म्हणून शेवटी ‘तुमचे काही प्रश्न?’ म्हणतील तेव्हा ‘नो सर’ म्हणू नकोस. विचार, ‘मागच्या वेळी प्रॉडक्शनमध्ये मोठा बिघाड झाला तेव्हा काय केलंत?’ उत्तराचं पहिलं वाक्य नीट ऐक. ‘कारण शोधलं, लिहून काढलं, सगळ्यांना वाचायला दिलं’ असं आलं तर चांगलं. ‘ज्यानं केलं त्याला समज दिली’ असं आलं तर तेही लक्षात ठेव. ‘आमच्याकडे बिघाड होतच नाहीत’ असं आलं तर ते मला सगळ्यात वाईट वाटतं. पुढं विचार, ‘टेस्टरनं रिलीज थांबवा म्हटलं तर अंतिम शब्द कुणाचा?’ रात्री उशिरा कॉल किती वेळा, उशीर झाला तर घरी सोडायला गाडी असते का, हेही मोकळेपणानं विचार. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, 2013 चा कायदा आहे. समितीवर कोण आहे हे एचआरला चटकन सांगता येतं का, एवढंच बघ.

पगाराबद्दल थोडक्यात. सीटीसीचा, म्हणजे तुझ्यावर कंपनीच्या होणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून हरखू नकोस. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल हे सगळं घातलेलं असतं. हातात महिन्याला किती येणार ते लेखी माग, मग बेंगळूरच्या पीजीचं भाडं वजा करून बघ. आणि अनुभव वाढवून दाखवतो, पैसे द्या म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघून ये. पीएफच्या नोंदींत कुठं किती महिने होतीस ते दिसतं आणि नोकरी लागल्यावरही त्यावरून काढतात.

बाँड आणि मार्क्स कार्ड या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. मूळ कागद कंपनीनं पाहावेत, झेरॉक्स घ्यावी, ठेवून घ्यायचं कारण नाही. ‘उच्च शिक्षणाच्या आणि बँकेच्या कामासाठी मूळ मार्क्स कार्ड हवी आहेत, अमुक तारखेपर्यंत द्यावीत’ असा साधा, नम्र मेल आपल्या खासगी मेलवर प्रत ठेवून पाठव, पण कारण खरं असेल तेच लिही. नसेल तर ‘मला माझे मूळ कागद हवे आहेत’ एवढं पुरे आहे. बाँडच्या बाबतीत ‘तो नुसता कागद असतो, काही होत नाही’ असं सांगणारे मित्र भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 नोकरी सोडून गेल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी घालू देत नाही, हे खरं. पण 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तेव्हा तुझ्या बाँडमध्ये रक्कम किती, ट्रेनिंगवर त्यांनी खरंच काय खर्च केला, नोटीस किती, हे वकिलाला दाखवूनच पुढं जा. वकिलाच्या फीची काळजी नको. 1987 च्या कायद्यानं स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असतं, बेळगावातल्या कोर्टात त्याची चौकशी कर. नव्या कंपनीला नोटीस पिरियड जो आहे तोच सांग. बाँड आहे हेही विचारल्यावर लपवू नकोस.

बाबांचं ‘हो म्हण’ हे काळजीतून आलं आहे. फौंड्रीत रोजावर राबणाऱ्या माणसानं नोकरी जाताना पाहिलेली असते. त्यांना एकदा दूध संस्थेची गोष्ट सगळी सांग. ओतकामात साचा ओला राहिला तर रस ओतायच्या आधी कुणीतरी ‘थांबा’ म्हणावंच लागतं, नाहीतर काय होतं हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू काय काम करतेस हे त्यांना त्यातून कळेल.

व्हिडिओ राऊंड घरून देऊ नकोस. जांबोटीकडे पाऊस लागला की लाइट आणि नेटवर्क दोन्ही जातात. टिळकवाडीत कुणा मैत्रिणीची खोली आदल्या दिवशीच ठरव आणि मोबाईलचं हॉटस्पॉट जोडीला ठेव. तरी मध्येच तुटलं तर घाबरू नकोस, लगेच एचआरला मेसेज कर. बेंगळूरला सकाळी मुलाखत असेल तर आदल्या रात्रीची गाडी नको, एक दिवस आधी जा. रात्रभर जागून थेट पॅनेलसमोर बसलेली मुलं मी पाहिली आहेत, बिचाऱ्यांना स्वतःच्याच प्रोजेक्टचं नाव आठवत नाही.

मार्क्स कार्डांचा मेल आज रात्रीच पाठव. आणि दूध संस्थेची गोष्ट इंग्रजीत, दोन मिनिटांत, ‘मी’ म्हणून सांगितलेली, रेकॉर्ड करून मला पाठव. मी ऐकून कळवते.

तुझी,
ताई